वांगी रंग आणि हिलालमामाचा मेंदू

हिलालमामाला खोकला आला की आधी तो उजव्या हाताने थुंकायचं भांडं शोधतो, मग डाव्या हाताने छाती धरतो, आणि मग खोकतो. अकरा वर्षं गरम टेबलावर काढल्याची ही खूण. सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या आमच्या त्या साड्यांच्या कारखान्यात खालच्या मजल्यावर लांबच लांब टेबलं आहेत, खालून तापवलेली. वर पत्रा. टेबलावर कापड ताणायचं, जाळीची चौकट ठेवायची, रंग ओढायचा, चौकट उचलायची, पुढे सरकायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिथून उठा, नाहीतर छाती कामातून जाईल. चौऱ्याण्णव साली मामा उठला. वरच्या मजल्यावर नव्या साड्यांचे नमुने तयार करायची खोली होती, तिथे त्याला रंग बनवायला बसवलं. कारण सुरतेत लिंबायतपासून कतारगामपर्यंत कुणाला विचारा, हिलाल पाटलासारखा रंग कालवणारा नाही.

त्या खोलीत तिघंच. मुकुंदराव नक्षी काढायचे. ते बँकेत नोकऱ्या करणाऱ्यांच्या घरातले, शुद्ध बोलायचे आणि प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायचे. मामा रंग कालवायचा. आणि सुभद्राबाई, आमच्याच गल्लीतली, आमच्यासारखीच खानदेशातली, नमुन्याच्या साडीला काठ शिवायची. तिच्या तोंडात कायम टाचण्या. टाचण्या दातात धरून ती जे बोलायची ते अर्धंच बाहेर यायचं, पण तेवढं पुरायचं.

कामाची रीत अशी की मामाने रंग केला, पट्टी छापली, की सुभद्राबाई ती खांद्यावर टाकून थेट गॅलरीत उन्हात जायची. ट्यूबलाईटखाली रंग एक दिसतो आणि उन्हात दुसराच, हे तिथल्या झाडूवालीलाही माहीत होतं. गॅलरीतून ती ओरडायची, "हिलाल, हाऊ रंग शे का चिखल शे? मी हाई नेसीसन लगीनमा जाऊ?" मामा आतून तिच्या सात पिढ्यांच्या डोळ्यांची चौकशी करायचा. मुकुंदराव घसा साफ करून म्हणायचे की मूळ दोष रंगात नसून मामाच्या हट्टात आहे. मग मामा मुकुंदरावांच्या मोराला कोंबडी म्हणायचा. दिवसभर हेच. संध्याकाळी जेवताना मामा तिघांचेही आवाज काढून सगळं भांडण पुन्हा सांगायचा आणि भाकरी गार व्हायची. पण त्या भांडणातून निघालेल्या साड्या बाजारात टिकत नव्हत्या, इतक्या पटकन उचलल्या जायच्या.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात शेठचे पुतणे ललितभाई अहमदाबादला तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. येताना प्लॅस्टिकचा मेंदू घेऊन आले, मधोमध उघडणारा, अर्धा गुलाबी, अर्धा निळा. तो टेबलावर ठेवून त्यांनी तिघांना समोर बसवलं. ललितभाईंचं बोलणं दसऱ्याला यंत्रांच्या पूजेत मीही ऐकलं आहे. आवाज नाकातून येतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "बराबर?" म्हणून थांबतात, आपण मान हलवेपर्यंत पुढे जात नाहीत.

"कोई आपणी भूल काढे ने, तो मगज समजे के वाघ आव्यो. बराबर?"

तिघांनी माना हलवल्या. वाघ आला की मेंदू पळायच्या तयारीला लागतो, विचार बंद पडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आजपासून या खोलीत कुणी कुणाच्या तोंडावर चूक काढायची नाही. चूक चिठ्ठीवर लिहायची, आधी एक चांगली गोष्ट लिहून मगच, आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. डबा शनिवारी उघडणार. शिवाय मेंदू एका वेळी एकच काम करतो, म्हणून दहा ते एक कुणी जागचं हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सुताराने येऊन तिघांच्या मध्ये प्लायवूड ठोकलं.

आणि जाता जाता ललितभाईंनी हेही सांगितलं की लग्नसराईचे नमुने या नव्या पद्धतीने उतरले पाहिजेत. नाही उतरले, तर रंग बनवायला दुसरा माणूस बघू, हिलालभाई खाली टेबलावर.

मामाने त्या दिवसापासून घरी भांडण सांगणं बंद केलं, कारण सांगायला भांडणच नव्हतं. मुकुंदराव खूश होते, त्यांच्या मोराला कुणी कोंबडी म्हणत नव्हतं. ते मामाच्या प्रत्येक पट्टीवर "छान" लिहून पाठवायचे. मामा म्हणायचा, छान म्हणजे काय? लाल कमी करू का जास्त, हे छानमध्ये कुठे लिहिलंय? तो पट्टी ट्यूबलाईटखाली फिरवून फिरवून बघायचा. उठून गॅलरीत जावं, तर आपल्या केबिनच्या काचेमागून ललितभाई बोट दाखवून खाली बसवायचे.

अशातच त्याने वांगी रंग केला. सोमवारी पट्टी दिली, मुकुंदरावांनी छान लिहिलं, ललितभाईंनी सुट्टीच्या आधीच, ट्यूबलाईटखाली पास केली. बुधवारी माल छापला गेला. शुक्रवारी इंदोरच्या व्यापाऱ्याने कारखान्याच्या पायरीवर, भर उन्हात गठ्ठा सोडला आणि माल न घेता पुन्हा बांधून टाकला. उन्हात वांगी रंग पार तपकिरी दिसत होता.

शनिवारी डबा उघडला. ललितभाईंनी चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचल्या. सुभद्राबाईची चिठ्ठी मंगळवारची होती. दुपारच्या सुट्टीत पट्टी उन्हात नेऊन तिने पाहिली होती आणि नियमाप्रमाणे लिहिलं होतं: काठ चांगला आहे. रंग उन्हात वांग्याच्या शिळ्या भाजीसारखा दिसतो.

ललितभाई चिठ्ठीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "शरुआत बहु सरस छे."

मामा प्लायवूडच्या पलीकडे गेला. सुभद्राबाईने टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या होत्या.

"मंगळवारले तुले दिसनं, मग तू माले तोंडवर का बरं सांगं नही?"

"मी म्हनं, उगाच तुले वाघ दिसी," ती म्हणाली. आणि ती रडायला लागली, हे मामाने घरी सांगितलं नाही, तिनेच सांगितलं.

सोमवारी मामा गरम टेबलावर गेला. वर रंग कालवायला किसन नावाचा कडोदऱ्याचाच एक माणूस आला. नेक, गरीब आणि उजेडाची काही कल्पना नसलेला.

पण दुपारच्या सुट्टीत सुभद्राबाई किसनची पट्टी पदराखाली लपवून खाली यायची. मागोमाग मुकुंदराव, त्यांनाही आता छानचा कंटाळा आला होता. फाटकाजवळ, जिथे ऊन सरळ पडतं, तिथे तिघं उभे राहून अर्धा तास भांडायचे. जेवणाचा डबा तसाच राहायचा. मामा सांगायचा पिवळं किती कमी करायचं, सुभद्राबाई ते वर जाऊन किसनला सांगायची. दिवाळीपर्यंत नमुने धडाधड पास झाले. ललितभाईंनी भिंतीवर चढत्या रेघेचा कागद लावला आणि दुसऱ्या कारखान्यांच्या लोकांना बोलावून प्लॅस्टिकचा मेंदू उघडून दाखवू लागले.

मामाने धीर केला. दिवाळीनंतर वर जाऊन सगळं खरं सांगितलं, फाटक, ऊन, भांडण, सगळं, आणि पुन्हा वर घ्या म्हणाला. खोकला येऊ नये म्हणून जाण्याआधी गरम पाणी पिऊन गेला होता.

ललितभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांना आनंद झालेला दिसला.

"जुओ हिलालभाई, एनो मतलब तमारुं मगज नीचे ज खुले छे. बराबर?"

आणि ते थांबून राहिले. मामाने मान हलवली नाही, तरी पहिल्यांदाच ते पुढे गेले. म्हणाले, जिथे मेंदू मोकळा होतो तिथून माणसाला हलवणं चूक, तुम्ही खालीच राहा.

त्या दुपारी मामा फाटकाशी आला तेव्हा सुभद्राबाई किसनची पिस्ता रंगाची पट्टी घेऊन उभी होती. ट्यूबलाईटखाली सुरेख असणार. उन्हात पाणी साचलेल्या हौदासारखी दिसत होती. ती मामाच्या तोंडाकडे बघत राहिली. मुकुंदरावांनी घसा साफ केला आणि तेही मामाकडे वळले.

मामाने पट्टी हातात घेतली, उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग नीट घडी घालून सुभद्राबाईला परत दिली.

"काठ चांगला शे," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून बसून डबा उघडला.