पाच तास अखंड

चहा घ्या, गार होतोय. तोवर माझ्या मूर्खपणाची एक हकिकत सांगतो. तुम्ही खुशाल हसा. मला मात्र अजून धड हसता येत नाही. मी एकदा साताऱ्यात, भर रविवारी, पाच तास मेलो होतो. कशापायी? इंटरनेटपायी!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची एकुलती एक वैशाली मिरजेला नर्सिंग शिकली आणि मस्कतच्या हॉस्पिटलात लागली. घरात उरलो आम्ही दोघं. मी पाटबंधारे खात्यातून नुकताच रिटायर झालेला. दोघांत बोलणं काय, तर भाजी कुठली करू आणि मोटर लावली का.

वैशाली महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी फोन करायची. त्या दिवशी बायको आंघोळ उरकून, इस्त्रीची साडी नेसून फोनशेजारच्या स्टुलावर बसायची. जशी काही पोरीला दिसणारच होती! त्या सकाळी रिसीव्हर कोणी उचलायचा नाही, हा घरचा कायदा. आपण उचलला आणि नेमका तेव्हाच तिनं लावला तर?

त्या महिन्याच्या फोनवर तर ती सांगणार होती, दिवाळीची रजा मिळाली की नाही. दोन दिवाळ्या तिच्याविना गेल्या होत्या. दोन्ही वेळा बायकोनं करंज्या केल्या आणि कामवालीला देऊन टाकल्या.

ई-मेल घेतलं तर रोज खुशाली कळेल, हे वैशालीचंच म्हणणं. मागच्या सुट्टीत कॉम्प्युटरही तिनंच घेऊन दिला होता. प्रश्न एकच, कनेक्शन कुठल्या कंपनीचं घ्यायचं? शेजारच्या देशपांड्यांकडचं स्वस्त होतं, पण दर पाच मिनिटांनी तुटायचं. देशपांडे पत्र लिहायला बसले की ‘चिरंजीवास’च्या पुढं गेल्याचं मी पाहिलं नाही.

दुसरी एक कंपनी सांगलीत कळली. मी फुलस्केपवर अठरा प्रश्न लिहून एस.टी.नं सांगलीला गेलो. पावसात मोडेम चालेल का? लाइट गेली तर पत्र अर्ध्यात अडकेल का? दुकानदार बाराव्या प्रश्नाला टेकीला आला.

“काका, कनेक्शन घेताय का मुलगी देताय?”

“तुटत नाही ना?” मी म्हटलं.

“हे घ्या, दहा तास फुकट वापरून बघा. रविवारपर्यंत चालेल. तुटलं तर परत आणून द्या.”

आता खात्यात तीस वर्षं मी काय केलं? पंप तपासले. नवा पंप आला की तो अखंड चालवून बघायचा, दर पंधरा मिनिटांनी कागदावर नोंद करायची. मधे बंद पडला की नापास. त्यामुळं वैशालीच्या फोनच्या त्याच रविवारी सकाळी साडेआठला मी आतल्या खोलीत इंटरनेट जोडलं, दार लोटलं आणि अखंड चाचणी सुरू केली.

आणि फोन? अहो, इंटरनेटची आणि फोनची वायर एकच असली म्हणून काय झालं? एका टाकीला दोन नळ असतातच की! खरं तर हा एकोणिसावा प्रश्न होता. तेवढा एक विचारायचा राहिला.

बाहेर बायको स्टुलावर. फोन वाजेना. उचलून बघावा, तर कायदा आडवा येतो. दहा वाजले, अकरा वाजले. आत मी लिहितोय, ‘सव्वाअकरा. सुरळीत.’

तिकडं मस्कतला वैशाली तासन् तास फोन लावतेय आणि एंगेज ऐकतेय. शेवटी घाबरून तिनं मामाला उंब्रजला फोन केला. आप्पा म्हणजे माझा मेहुणा, गुळाचा व्यापारी. त्यानंही लावून बघितला. एंगेज! माझा हात किती आखडता, हे आप्पाला पुरतं ठाऊक. तीन मिनिटांच्या वर फोनवर बोलताना त्यानं मला जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं हिशेब लावला, एवढा वेळ फोन चालू म्हणजे अक्का सगळ्यांना कळवतेय. दाजी गेले! वैशालीचा पुन्हा फोन आला, तेव्हा तिलाही त्यानं तेच सांगितलं आणि बायकोला घेऊन जीप काढली.

दीडच्या सुमारास दाराशी जीप थांबली. बायकोनं दार उघडलं, तर भावजयीनं तिच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला. बायकोला वाटलं, वैशालीचं काही झालं. ती मटकन खालीच बसली. तिला रडताना बघून मंडळींची खात्री पटली. आप्पा तर टोपी काढून ढसाढसा रडायला लागला.

“अक्के, लय वंगाळ झालं गं!”

तेवढ्यात मी आतून आलो. हातात कागद, चेहऱ्यावर आनंद.

“पाच तास! एकदाही तुटलं नाही!”

भावजयीच्या हातातली टोपली कलली.

“आवं दाजी,” आप्पा डोळे पुसत म्हणाला, “तुमी हाय व्हय?”

“म्हणजे काय?”

“मग सकाळधरनं फोनवर कोण हाय?”

मी आत धावलो, वायर उपटली. त्याच क्षणी फोन वाजला. पाच तास वाट बघितलेली बायको उठायला लागली, तोवर मीच उचलला.

“मामा, बाबांना ठेवाल ना मी येईपर्यंत?” वैशाली हुंदके देत होती.

“वैशू, मी बाबाच.”

ती पुन्हा रडायला लागली. मग नाक ओढत म्हणाली, “दिवाळीची रजा नाही म्हणाले होते, बाबा. आत्ता सांगितलं, वडील गेले, तर पाच मिनिटांत महिन्याची दिली. उद्याचं विमान होतं.”

“मग येच की!”

“काय सांगून येऊ? तुम्ही आहात ना!”

मी रिसीव्हर बायकोकडं दिला. ती फक्त ‘हं, हं’ म्हणाली. परदेशचा फोन महाग, तीन मिनिटं झाली आणि बंद.

मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, म्हणून भावजयीनं टोपलीभर पिठलं-भाकरी आणली होती. ती आम्ही सगळ्यांनी बसून खाल्ली. माझ्या पानात दोन भाकरी वाढत आप्पा म्हणाला, “जेवा दाजी, तुमचंच हाय.”

सोमवारी मी भीत भीत बायकोला विचारलं, “कुठलं घेऊ मग?”

“देशपांड्यांचं घ्या,” ती म्हणाली. “तुटलं की पोरीचा फोन तरी लागेल.”

तेच घेतलं. दिवाळीला तिनं करंज्या केल्या. मी एक तोंडात टाकली, तर जरा ठसका लागला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूच म्हणाली, “रजा मिळाली होती हो तिला.”

ठणठणीत असल्याबद्दल बायकोची माफी मागणारा नवरा बघितलाय कधी? बघून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.