नानांचं विरजण

सकाळी दोंडाईच्यातल्या माझ्या खतांच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात नानांच्या पुतण्याचा फोन आला. "नाना गयात, भाऊ..." एवढंच बोलला. मी त्या अर्ध्या शटरखाली तसाच वाकून उभा. सांगायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी मनात आलं ते हेच, की आता माझं खोटं कधीच उघडं पडणार नाही. दीड महिना झाला त्याला. अजून जेवण गोड लागत नाही.

नाना माझे गिऱ्हाईक आणि माझ्या धंद्याचे वैरी! मिरची-वांग्यांची शेती, पण सगळे पोत्यांवर पोती खत न्यायचे तिथे हा माणूस निम्मंच न्यायचा. उरलेलं काम जिवाणूंचं. कधीकाळी माझ्याकडूनच नेलेलं एक पाकीट त्यांनी गुळाच्या पाण्यात वाढवलं. ड्रम तयार झाला की ठिबकमधून सोडायचा आणि एक तांब्या मागे ठेवायचा, पुढच्या ड्रमला विरजण म्हणून. सात-आठ वर्षं तेच चालवलं. "नाना, नवीन पाकीट घ्या की, त्या जुन्यालाच काय कवटाळून बसलात!" मी चिडवायचो. "हाई मन्ही माटीमा रुळेल शे," ते म्हणायचे, "तुन्हं पाकीट म्हंजे पाव्हनं." आणि वर दम द्यायचे, "खत बी द्यानं, दवा बी द्यानं, पन जिवाणूसंगे एक पंगतमा बसाडानं नही." मध्ये आठ दिवसांचं अंतर हवंच. हे त्यांचं वाक्य मी दुकानात माझं म्हणून खपवत आलो.

मग नानांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं आणि इकडे मिरचीला मर लागली, बुरशीनं उभी झाडं सुकायला लागली. नानांचा फोन आला, "आज जिवाणू सोड, तांब्याभर अक्काजोडे दे. दवा आठ दिन बाद." अक्का म्हणजे नानांची बायको. मी गेलो. दुकान बंद ठेवून आलेला माणूस मी, दोन खेपा कोण करणार? पिशवीतलं कॉपरचं निळं बुरशीनाशक त्याच ड्रममध्ये ओतलं, ढवळलं, वरचा तांब्याभर अक्कांना दिला आणि बाकीचं ठिबकला सोडलं. गाडीला किक मारताना डोक्यात लख्ख उजेड पडला... अरे गाढवा, या औषधानं जिवाणूही मरतात! रोज दहा जणांना सांगतोस ना? धावत गेलो. ड्रम रिकामा झाला होता.

दोन दिवसांनी धुळ्याला भेटायला गेलो. नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला. "जिवाणू दिन्हात ना?"

"दिले, नाना."

"इरजन?"

"अक्कांकडे आहे."

डोळे मिटून हसले. "मंग चिंता नही." तिथे सांगणार कसं हो? घरी आले की पाय धरू, असं ठरवून निघालो. नाना घरी आले ते तसेच...

गेल्या आठवड्यात नवीन पाकीट खिशात घालून अक्कांकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं म्हणूनच. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी चुलीशेजारचं विरजणाचं मडकं पुढे ओढलं. नाना करायचे तसंच, रोज सकाळी चहाच्या आधी त्यात गुळाचा खडा टाकून काडीनं ढवळतात. पाण्यावर निळसर झाक होती. फेस नाही, आंबूस वास नाही, काही नाही. "बठ्ठं गयं, भाऊ," त्या म्हणाल्या, "त्यास्नं हाईच एक जित्तं राह्यनं." आणि मडकं माझ्या नाकाशी धरलं. "शे ना जित्तं?"

"शे, अक्का."

त्यांनी मडक्यावर पुन्हा फडकं बांधलं. आतल्यांना हवा मिळावी म्हणून, जरा सैलच.