नानांच्या गव्हातला कस

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा दादा कामावर निघाला होता. नाना त्याचे सासरे, सुमतीवहिनीचे वडील. निफाडकडे त्यांची गव्हाची शेती. आदल्या दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत… रडून झाल्यावर वहिनी म्हणाली, "अंथरुणाला खिळले नाहीत, तेवढं बरं झालं गं." आज महिन्याभरानं हे लिहिताना मलाही हायसंच वाटतंय. नानांच्या मनाला लागलेलं एक शल्य आमच्याच घरात निघालं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादा टायफॉइडमधून उठला, पण अंगात ताकद येईना. मुलुंडच्या आमच्या घरात रेशनच्या गव्हाऐवजी तेव्हा नानांचा गहू असे. त्या साली त्यांनी पहिल्यांदाच अमोनियम सल्फेट हे खत घातलं होतं. आईनं ठरवूनच टाकलं, "खतानं फुगवलेला गहू! दिसायला टपोरा, आत कस नाही. माझ्या पोराला भुसा घालताय." वहिनी पोळ्या लाटताना डोळे पुसायची.

नानांच्या कानावर गेलं. ते दोन पिशव्या घेऊन हजर! एकीत खताचा गहू, दुसरीत शेजारच्या बिनखताच्या वाफ्यातला. बियाणं एकच. "विहीणबाई, तुमचं खरं निघालं तर खत बंद. मलाही बघायचंच आहे."

दोन्ही दळून आणले. आईनं स्वतः सारखं पीठ मोजून दोन गोळे मळले. नाना मोरीत बसून एकेक गोळा पाण्याखाली चोळू लागले. पांढरं पाणी वाहून गेलं, हातात रबरासारखा चिकट लगदा उरला. "हे गव्हातलं प्रोटीन. शेतकी अधिकाऱ्यानं शिकवलंय." बिनखताचा लगदा सुपारीएवढा. मग त्यांनी खताचा गोळा चोळला. त्याचा लगदा चांगलाच मोठा निघाला. खतातलं नत्र दाण्यात उतरलं होतं.

आईनं लगदा ताणून पाहिला. "तुटत नाही हो!"

नाना भिंतीला टेकले. "सुटलो, विहीणबाई. वाटत होतं, जावयाला मीच तर…"

"आता जेवूनच जायचं," आई म्हणाली. लेकीच्या घरी ते पाणीसुद्धा घेत नसत.

"विहीणबाई, रीत…"

"रीतीचं मी बघते."

ते जेवले. दादा हळूहळू सावरला. आपल्या गव्हानं सावरला, असं मात्र नाना कधी म्हणाले नाहीत.

त्यानंतर दर खेपेला ते खिडकीखालच्या पाटावर बसत. अजूनही जेवणाच्या वेळी आई तो मांडते. परवा मी उचलायला गेले, तर म्हणाली, "राहू दे गं. पोटभर जेवून गेलाय माणूस."