ऐकू आलं, तरी डॉक्टर थांबले नाहीत

आदरणीय डॉ. भास्करराव यांना मी प्रथम पाहिले ते एका आजोबांवर रागावताना. आजोबांनी कानात लसणाचे कढत तेल ओतून घेतले होते. मनसोक्त रागावून झाल्यावर डॉक्टरांनी कान साफ केला आणि त्यांना चहा पाजला. मी तेव्हा नवखा डॉक्टर, मस्तगडातल्या त्यांच्या दवाखान्यात शिकायला आलेलो. कान-नाक-घशाचे काम मी त्यांच्या हाताखाली शिकलो, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

त्यांचा एक शिरस्ता होता. एकाच कानाचे ऐकणे अचानक गेले, तर नीट तपास झाल्याशिवाय त्या रुग्णाला सोडायचे नाही. नव्वदच्या दशकात हसनाबादच्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सकाळी उठल्यावर डाव्या कानाने काहीच ऐकू येईना. डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि ऐकू येऊ लागले. घरात आनंदीआनंद! डॉक्टर मात्र म्हणाले, "पुण्याला जाऊन डोक्याचा एमआरआय करा. बहुतेकांना काही निघत नाही. पण कधीकधी ऐकण्याच्या नसेवर गाठ असते, आणि औषधाने ऐकू आले म्हणून ती नाहीच असे होत नाही."

गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण मोठी होती. आणखी वाढली तर मेंदूवर दाब येऊन जिवावर बेतणार होते.

आता अक्का अडून बसली. तिच्या लेकीचे लग्न अंबडला ठरले होते. "डोक्यात गाठ म्हणलं की सोयरीक मोडंल. पोरीचं लगीन होऊ द्या, मंग बघू. कुणाला बोलायचं न्हाई, बिलकुल न्हाई." आमच्याकडे लग्न ठरले की घरातले दुखणे दडवायची रीतच आहे. मी समजावून थकलो.

डॉक्टरांनी एवढेच विचारले, "अक्का, मांडवात तुम्ही पाहिजेत की तुमचा फोटो?"

"मंग व्याह्यांना तुमीच सांगा," ती म्हणाली. मग तिच्याच संमतीने, दवाखाना बंद ठेवून, डॉक्टर माझ्यासोबत एसटीने अंबडला आले. व्याह्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळे उघड सांगितले. ही गाठ कॅन्सरची नाही, कुणाला लागत नाही, आणि अशी एका बाजूची गाठ सहसा लेकरांत उतरत नाही. मुलाची आई कितीतरी वेळ पदराशी चाळा करत राहिली. शेवटी त्या म्हणाल्या, "विहीणबाईचं ऑपरेशन पह्यले करून घ्या. लगीन कुठं पळून चाल्लंय?"

ऑपरेशनमध्ये डावा कान कायमचा गेला, पण अक्का वाचली. भाचीच्या लग्नात तीच सगळ्यांना आग्रहाने वाढत होती.

डॉक्टरांना पंचाहत्तरीनिमित्त निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, ही आम्हा शिष्यांची मनापासून इच्छा. मी हे लिहितोय म्हटल्यावर अक्का म्हणाली, "माझं आयुष्य त्यांना लागो, आसं म्हणलं आस्तं. पण ते त्यांनीच दिलेलं हाय, परत कसं करू? त्यांच्यासाठी देवाला येगळं मागते."