गाडीच्या दाराला शेक

व्यवस्थित चालणारी वस्तू पाहून ज्याच्या जिवाला खरोखर यातना होतात असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली आणि मग ते रत्नागिरीला घरी परतले. जगातल्या सगळ्या समुद्रांवर त्यांनी म्हणे बोटी सुखरूप नेल्या. त्याचं श्रेय त्यांच्या वरच्या साहेबाला द्यायला हवं, कारण घरातली एकही वस्तू त्यांच्या हातून सुखरूप सुटल्याचं मला माहीत नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी साफ केलं, तेव्हापासून ते मनाला येईल तेव्हा टोले देई. विहिरीवरचा पंप खोलून परत जोडला तर मूठभर नटबोल्ट उरले. मामा ते खिशात टाकत म्हणाले, "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात."

त्यांचं खरं हाडवैर मात्र गंजाशी होतं. आमच्याकडे खारा वारा खिळ्यापासून खाटेपर्यंत सगळ्या लोखंडाला खातो आणि बाकीची जनता ते निमूट सोसते. मामा सोसणाऱ्यांतले नव्हते. बोटीच्या लोखंडाला लावतात तो तांबडा रंग डब्यांनी आणून त्यांनी खाटा रंगवल्या, खिडक्यांचे गज रंगवले, विहिरीचा रहाट रंगवला आणि एका सकाळी मामींचा भाकरीचा तवा रंगवून अंगणात वाळत ठेवला. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, आता जेवायला तोच डबा उघडा." त्या दिवशी मामा आमच्याकडे जेवले. जेवताना त्यांनी आमच्या विळीकडे असं काही पाहिलं, की बायकोने ती उचलून आत नेऊन ठेवली.

अशा माणसाने मोटार घ्यायची ठरवल्यावर ती लोखंडाची असणं शक्यच नव्हतं. तेव्हा नुकत्याच फायबरच्या अंगाच्या, दोन दारांच्या छोट्या गाड्या निघाल्या होत्या. मुंबईहून कुणाची तरी वापरलेली अशी एक गाडी मामांनी आणली आणि बॉनेटवर टिचकी मारून मला सांगितलं, "जावईबापू, लोखंडच नाही, तर गंज खाणार काय?" गाडी आणण्यामागे कारण मात्र शहाणपणाचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मामींचे गुडघे संधिवाताने पार धरले होते. एसटीची पायरी चढणं त्यांना जमेना. त्यांचं माहेर केळशीचं, नव्वदीला टेकलेली आई तिथे, आणि मायलेकींची भेट होऊन वर्षं लोटली होती. "गाडीतून तुला थेट आईच्या पुढ्यात नेऊन उतरवतो," असं वचन मामांनी मामींना दिलं होतं. वचन त्यांनी स्वतः दिलं होतं, मामींनी मागितलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

गंज गाडीला काही करू शकला नाही. ते काम फाटकाच्या जांभ्याच्या खांबाने केलं. मामा गाडी आत घेत होते, खांब जागचा हलला नाही, आणि डावीकडचं मडगार्ड पार दारापर्यंत चिरत गेलं. दुसरा कुणी हळहळला असता. मामांचा चेहरा उजळला. मच्छीमारांच्या नव्या फायबरच्या होड्या जिथे दुरुस्त होत तिथून त्यांनी काचेच्या धाग्याचं कापड, रेझिन आणि ते घट्ट करणारं औषध आणलं. औषध सांगितल्याच्या दुप्पट घातलं, कारण "होडीवाले घाबरट असतात." चिरेवर कापड अंथरून, वरून ब्रशने रेझिन चोपडून ते समाधानाने झोपी गेले. सकाळी पाहतात तो रेझिन फटीत उतरून दगडासारखं झालेलं. मडगार्ड आणि मामींच्या बाजूचं दार एकजीव झाली होती. चीर कुठे होती हे शोधून सापडत नव्हतं आणि दार कुठे होतं हेही.

नेमकं त्याच दिवशी केळशीहून कुणी तरी निरोप घेऊन आलं. म्हातारी अन्नाला शिवत नाही, सारखं लेकीचं नाव घेते, यायचं तर लगेच या. काठी टेकत मामी गाडीपाशी गेल्या आणि त्या बंद दारावरून हात फिरवून परत आल्या. मामांच्या बाजूने आत शिरायचं तर गिअरच्या दांड्यावरून पाय पलीकडे टाकायला हवा, आणि त्यांचा गुडघा तर पुरता वाकतही नव्हता. शेजाऱ्यांनी खिडकीतून आत घेण्याची सूचना केली. मामींनी सूचना करणाऱ्याकडे फक्त पाहिलं.

मग मामा कामाला लागले. गॅरेजवाला छिन्नी घेऊन आला, त्याला त्यांनी हाकलून दिलं, कारण फायबर छिन्नीने सुटत नाही, तडकतं. त्यांनी रॉकेलचा ब्लोलॅम्प पेटवला. क्षणात रंगाला फोड आले, काळा धूर निघाला आणि अशी घाण सुटली की मामी नाकाला पदर लावून पडवीत आल्या. "अहो, तुम्ही दार उघडताय की गाडी जाळताय?" मामांनी लॅम्प विझवला. जोडावर बोट दाबदाबून पाहिलं. रेझिन ऊन झालं की नरम पडतं, पण करपलं की खालचं फायबरही घेऊन जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "हिला चटका नको," ते म्हणाले, "शेक द्यायला हवा."

पुढची दुपार मी जन्मात विसरणार नाही. कोळशाची इस्त्री आली. जोडावर ओलं फडकं धरायचं काम जावई या नात्याने सन्मानपूर्वक माझ्याकडे आलं. मामा इस्त्री टेकवीत, वाफ निघे, माझी बोटं भाजत आणि मामा म्हणत, "धीर धरा, जावईबापू." धीर कुणाला धरायचा होता ते मला कळत नव्हतं. कड जरा नरम वाटताच त्यांनी स्वयंपाकघरातलं पातळ उलथनं फटीत घातलं. मामी पडवीतून ओरडल्या, "अगोदर कड सुटू दे हो! घावनाला तरी असं घाईने उलथनं घालतात का?" मामांनी उलथनं मुकाट्याने काढलं आणि पुन्हा शेकायला घेतलं. त्यांना कुणाचं ऐकताना मी प्रथमच पाहत होतो. वितीवितीने शेकत, सुटेल तेवढं सोडवत आणि सुटलेल्या भागात लाकडी पाचर बसवत ते खाली खाली सरकत गेले. ऊन कलल्यावर एकदाचा फाटल्यासारखा आवाज आला आणि दार उघडलं. कडेचा लचका गेला होता, रंगाची पार दशा झाली होती. मामींनी आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर घडी होऊन बसलो होतो. चिपळूण, खेड, दापोली करत केळशीला पोचलो आणि थांबलो तिथे मामांचा चेहरा उतरला. घर खाली वाडीत होतं आणि घराकडे उतरत होती ती जांभ्याची उभी पाखाडी. तिच्या पायऱ्या मामा विसरले होते. मामींनी वरूनच खाली कौलांकडे पाहिलं. "असू दे हो," त्या म्हणाल्या, "इथवर तरी आले." मामा तडक पाखाडी उतरून गेले.

थोड्या वेळाने खुर्चीत बसवलेल्या म्हातारीला घेऊन मामींचे दोन भाचे वर आले, आणि एका बाजूने खुर्चीला हात दिलेले, घामाघूम झालेले मामा. म्हातारीला त्यांनी अलगद आपल्या जागेवर, स्टिअरिंगपुढे बसवलं. मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. म्हातारीने लेकीचा चेहरा चाचपला, मग हात खाली नेऊन तिचे सुजलेले गुडघे चाचपले. "अगो बाय, किती सुजलेत हे," म्हणाली आणि ते चोळू लागली. ती चोळतच राहिली. मामी लहान मुलीसारख्या रडत होत्या.

मामांनी पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर येईनात, म्हणून काही बिघडलं की काय ते पाहायला मी गेलो. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. हातात पाना नव्हता, डोळे मात्र गळत होते. मी बॉनेट त्यांच्यावर तसंच धरून उभा राहिलो.