आधी गर्व सांग

"आधी गर्व सांग, मंग प्रार्थना," असं म्हणत हा गृहस्थ आजाऱ्याच्या कपाळावर दोन बोटं टेकवायचा. ताप बघायला नव्हे, पाप बघायला. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. आमचा हा निवृत्त शिक्षक. शहाद्याजवळच्या आमच्या वस्तीत दर रविवारची येशूची प्रार्थना त्याच्याच ओसरीवर व्हायची. सगळे त्याला गुरुजी म्हणत. मी दवाखान्यात रक्त तपासणारा, मागे बसून मनातल्या मनात शिव्या घालणारा.

दुखणं म्हणजे गर्वाची शिक्षा, हे त्याचं शास्त्र. आजाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यानं उभं राहून गर्व कबूल केल्याशिवाय कुणी डोळे मिटायचे नाहीत. आता मजुरी करणाऱ्यांनी गर्व आणायचा कुठून? कुणी बकरीचा सांगायचा. एका म्हातारीला काहीच सापडेना, तेव्हा तिनं स्वतःच्या ठेच्याचा सांगितला. गुरुजीनं तोही मंजूर केला!

शेजारच्या रमीलाच्या मुलीला सिकलसेल, हा रक्तातला जन्मजात आजार निघाला. रिपोर्ट माझ्याच हातचा. हाडं ठणकली की पोर तोंडात ओढणी कोंबायची. रमीला ओसरीवर उभी राहिली.

"पोर दहावी पास व्हयनी तवय मी गल्लीमा पेढा वाटात, गुरुजी."

"तोच! पोरना शिक्षनना गर्व शे तुले. घर बसाडी दे तिले."

आणि तिनं पोरीचं कॉलेज खरंच बंद केलं.

मी तणतणत त्याच्याकडे गेलो. त्याचं बायबल उघडलं. दुखण्यानं पिचलेल्या निष्पाप ईयोबाला 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणणाऱ्या मित्रांची भाषणं त्यानं तांबड्या पेनानं अधोरेखित केली होती. शेवटी देव त्याच मित्रांना झापतो, ते पान मात्र कोरं करकरीत. मूर्खानं दोषी ठरलेल्यांचं बोलणं देववाणी म्हणून आयुष्यभर शिकवलं! मी पान दाखवलं.

"तू रक्त वाच, भाऊ. बायबल मी वाचस," तो म्हणाला.

वर्षभरात त्यालाच लकवा मारला. वाचा गेली. रविवारी त्याची खाट ओसरीवर आणली. लोक शिकवल्याप्रमाणे गर्वाच्या कबुलीची वाट बघत उभे. भोग आता, असं मला वाटलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

रमीला पुढे झाली. "बोलता येस नही त्याले. दुखी ऱ्हायनं ना? मंग प्रार्थना करा." तिनं गुडघे टेकले. त्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं.

परतताना तिनं मला हळूच विचारलं, "पोर मन्हामुये बिमार पडनी नही ना, भाऊ?"

"नही. तुन्हा काहीच गुन्हा नही."

ती रस्त्यातच खाली बसली आणि पोटभर रडली. सोमवारी पोर कॉलेजच्या एसटीत बसली.

गुरुजी दिवाळीआधी गेला. शेवटी फार सोसलं बिचाऱ्यानं, असं लोक म्हणतात. शिक्षाच होती ती, हे वाक्य दरवेळी माझ्या ओठांवर येतं. रमीलाकडे बघून मी ते गिळतो.