मिठानं हललेला काटा

नवी पेठेत ब्लाउजपीस बघत होते, तेवढ्यात ओळखीचा दुकानदार म्हणाला, "बाई, तुमचे बिराजदार सर गेले की!" हातातलं कापड तसंच राहिलं. महिना झाला, अजून खरं वाटत नाही... कॉलेजचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढणारा हा रसायनशास्त्राचा माणूस, त्याला मरायला फुरसत कुठली!

मी त्यांची डेमॉन्स्ट्रेटर. चार वर्षांपूर्वी सरांनी ध्यासच घेतला होता. रंगाच्या धंद्यातल्या दोन पावडरी, एकेकटीतून वीज जाईल तर शपथ. पण दोन्ही एकत्र विरघळवून स्फटिक केले, की एकीचा रेणू इलेक्ट्रॉन द्यायला बघतो, दुसरीचा घ्यायला. दोघे एकमेकांना ओढून चादरींच्या थप्पीसारखे एकावर एक बसतात आणि त्या थप्पीतून वीज सरकते. "रेनू किती जवळ बसत्यात, त्याच्यावर समदं हाय!" सर अक्कलकोटकडचे, आनंद झाला की गावची बोली उसळायची. त्यांची पीएच.डी. ह्या एका गोष्टीवर अडली होती.

काळे, सुईसारखे स्फटिक धरले. ते धुवायचं काम माझं. मग ते दाबून वडी केली, बॅटरी जोडली, आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा थेट टोकाला! अहो, सर अक्षरशः नाचले. पुण्याच्या मार्गदर्शकांना पत्रसुद्धा लिहून झालं. मीही फुशारून म्हणाले, "रंग उतरू नये म्हणून मी मिठाच्या पाण्यात धुतले होते, सर." विणकराच्या घरातली मी, आमच्याकडं नवा रंग असाच धुतात.

सरांनी वडी बोटांनी चाचपली. ओलसर होती; वीज स्फटिकांतून नव्हे, मिठाच्या पाण्यातून गेली होती. वाटलं, ह्यांची पदवी गेली आणि माझी नोकरीही. त्यांनी पत्र फाडलं. "चल, परत करू," एवढंच म्हणाले.

आठवड्यानं एकच लांब सुई घेतली, बिनमिठाची, कोरडी ठणठणीत. तिच्या दोन टोकांना तारा जोडल्या, काटा जेमतेम दोन घरं हलला. तीच सुई आडवी जोडली, तर ढिम्म! "बघ की! थप्पीतनं जातंय, आडवं न्हाय! ह्ये खरं हाय, लई खरं हाय!" पहिल्यापेक्षा दुप्पट ओरडले. मी हसत होते की रडत, देव जाणे.

परवा काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटायला गेले. त्यांनी सरांची वही हातात दिली. त्या दिवसाचा मोठा आकडा एका रेघेनं खोडलेला, शेजारी लिहिलेलं: "मीठ. धुण्याची रीत मी सांगितली नव्हती. चूक माझी." पान उलटलं. कोरड्या सुईच्या आकड्याखाली, निरीक्षण करणाऱ्याच्या जागी, माझं एकटीचं नाव होतं.